चिंचा उजवीकडेच होत्या

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, नगरपालिकेतले माझे सहकारी, मंडईतून खास दुकानं आवरून आलेल्या मावश्या आणि भाऊमंडळी, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना सगळं गाव झारीकाका म्हणतं ते आमचे काका, आणि पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या काकू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज सकाळी मी कचेरी उघडायच्या आधी जाऊन दप्तरखान्याच्या दारात उभा राहिलो. दप्तरदार आले, कुलपाला किल्ली लावली आणि मला म्हणाले, "आज निरोपाचा कार्यक्रम ना? मग फुलांच्या दुकानात जायचं सोडून इथे कुठे?" मी म्हटलं, "मला दोन वस्तू हव्यात. एक पत्र्याची लांब नळी आणि एक सेवापुस्तक." दप्तरदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण दोन्ही काढून दिल्या. अकरा वर्षं रखडलेलं एक काम मी आज सकाळी केलं. ते काय, हे सांगण्यासाठीच उभा आहे. पण आधी तिथपर्यंतची वाट सांगावी लागेल. अध्यक्षबाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यांना मी काय सांगणार आहे हे ठाऊक आहे, त्यामुळे त्या घंटा वाजवणार नाहीत अशी आशा करतो.

मी बांधकाम विभागात नकाशे काढतो. मला भाषण येत नाही, मला रेघ येते. गावाकडे एका खोलीत चार वर्ग भरायचे अशा शाळेत मी शिकलो. तिथे आमचे गुरुजी सांगायचे, "पाटीवर चुकलं तर पुसा. वहीत चुकलं तर पुसू नका. एक सरळ रेघ मारा आणि खाली बरोबर लिहा. चूक दिसली पाहिजे, नाहीतर उद्या परत तीच कराल." हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते शेवटी लागणार आहे.

आता काकांविषयी. मघाशी त्यांना पुष्पगुच्छ दिला तेव्हा त्यांचा चेहरा कुणी पाहिलात का? मी पाहिला. त्यांनी आधी देठ बघितले. देठ तिरपे कापलेत की सरळ, हे बघत होते. मग शेजारच्या पाहुण्यांच्या कानात काहीतरी म्हणाले. मला इथून ऐकू आलं नाही, पण अडतीस वर्षांत जे म्हणत आले तेच म्हणाले असणार: "झाडावर आणखी चार दिवस टिकलं असतं." (हो ना काका? बघा, मान हलवतायत.)

अडतीस वर्षं या माणसाने विहिरीची बाग सांभाळली. नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, ही बाग काही गावासाठी केलेली नव्हती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कापडाच्या व्यापाऱ्याने आपल्या घराशेजारी ती केली. मधोमध विहीर, विहिरीपासून चार दिशांना चार वाटा आणि भोवती पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीच्या एका अंगाला त्याचं घर, दुसऱ्या अंगाला मंडई. घरच्या माणसांनी बागेत बसावं आणि मंडईने बाहेरून वास घ्यावा, अशी व्यवस्था. पुढे घर गेलं, माणसं पांगली, वारसांनी बाग गावाला दिली. गावाने काय केलं? तिथे मोडके हातगाडे ठेवले. वीस वर्षांपूर्वीची बाग आठवते का? विहिरीत बारदानं होती. काका तेव्हाही रोज झारी घेऊन जायचे. कुणी विचारलं, "काका, हातगाड्यांना पाणी घालता का?" तर म्हणायचे, "खाली मुळं आहेत. वर काय ठेवलंय ते त्यांना काय ठाऊक?"

अकरा वर्षांपूर्वी नगरपालिकेने ठरवलं की बाग मूळ होती तशी परत उभी करायची. व्यापाऱ्याच्या कागदपत्रांत एक नकाशा सापडला. कागद असा की श्वास जोरात सोडला तर तुकडा पडेल. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, आणि दिशेचा बाण नेमका त्याच कोपऱ्यात असणार. अक्षरं पुसट. काम माझ्याकडे आलं. मी त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून सगळ्या रेघा उतरवून घेतल्या. आठ दिवस लागले. मूळ नकाशा नळीत घालून झाकण लावलं, कारण तो पुन्हा उलगडायची मला भीती वाटत होती. मग पारदर्शक कागद यंत्रात घालून नक्कल काढली.

इथे माझी एक खोड सांगतो. बाकीचे लोक पारदर्शक कागदावरच अक्षरं लिहितात. मी तसं करत नसे. माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात, आणि मलाही तसं वाटतं, त्यामुळे यंत्राने ते फिकट केलेलं मला खपत नसे. मी आधी नक्कल काढायचो आणि मग तिच्यावर ताज्या शाईने नावं लिहायचो. 'विहीर.' 'बाके.' 'गुलाबाचे वाफे.' 'चिंच.' 'चिंच.'

आणि कागद यंत्रात उलटा गेला होता.

अक्षरं असती तर उलटी उमटली असती आणि शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण नुसत्या रेघा होत्या. विहीर मध्ये, दार मध्ये, वाटा चार. डावीकडचं उजवीकडे गेलं आणि उजवीकडचं डावीकडे, एवढंच. त्याच्यावर मी माझ्या सुंदर अक्षरात नावं लिहिली, खाली 'मूळ नकाशाप्रमाणे' असं लिहून सही केली आणि बागेत गेलो.

काका विहिरीपाशी उभे होते. मी नक्कल उलगडून दाखवली. दारातून आत आलं की डावीकडे, मंडईच्या भिंतीला, दोन चिंचा आणि त्यांच्याखाली दगडी बाकं. उजवीकडे, घराच्या अंगाला, गुलाब. काकांनी कागद बघितला. मग मान वर केली. उजवीकडे दोन चिंचा उभ्या होत्या. तुम्ही सगळ्यांनी बघितल्या आहेत, दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत.

काका म्हणाले, "साहेब, गुलाबांवर सावली येईल."

मी म्हटलं, "नकाशात त्या जागी झाड नाही."

"नकाशात नाही. डोक्यावर आहे."

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी काय म्हणालो ऐका. आज सांगतानाही कानाची पाळी तापते. मी म्हणालो, "काका, नकाशा चुकत नाही. झाडं लावणाऱ्यांनीच चुकीच्या बाजूला लावली असतील."

काका म्हणाले, "बरं."

(हसा, हसा. मावशी, तुम्ही तर जोरात हसा, तुमचा हक्क आहे.)

मी एवढ्यावर थांबलो नाही. मी शिफारस केली की उजवीकडच्या दोन चिंचा काढाव्यात आणि डावीकडे नव्या लावाव्यात. काका म्हणाले, "आत्ता पक्ष्यांची पिल्लं आहेत, ती उडून जाऊ देत." पिल्लं उडाली तेव्हा म्हणाले, "आता फुलोरा आहे." मग चिंचा लागल्या, मग चिंचा पाडायच्या होत्या, मग पुन्हा पिल्लं. करवत बागेत शिरलीच नाही. मला वाटायचं, म्हातारा काम टाळतोय.

बाकीचं मात्र त्यांनी नकलेबरहुकूम केलं. डावीकडे भर उन्हात बाकं, उजवीकडे गडद सावलीत शंभर गुलाब. उद्घाटन झालं. जतनाचं काम पाहणाऱ्या एका संस्थेने 'मूळ नकाशाप्रमाणे अचूक पुनर्बांधणी' असं प्रशस्तिपत्र दिलं. त्याच्यावर माझं नाव आहे. ते अध्यक्षांच्या दालनात खुर्चीच्या मागे लावलेलं आहे, आणि मी त्या दालनात कधी गेलो की त्या भिंतीकडे पाठ करून बसायची जागा शोधत असतो.

पहिल्याच वर्षी गुलाब मेले. शंभरातले सात राहिले. ओरड झाली, चौकशी झाली. गुलाब मेले म्हणजे दोष कुणाचा? नकाशा काढणाऱ्याचा तर नाही. काकांना ताकीदपत्र गेलं, 'पाणी व देखभाल यांत हयगय', आणि त्याची नोंद सेवापुस्तकात झाली. तेव्हा सत्तावीस वर्षांची नोकरी झाली होती आणि त्या पुस्तकात तोवर एक वाकडा शब्द नव्हता. तेव्हा मला माझी चूक कळली नव्हती. म्हणून त्या दिवशीचं पाप मी धरत नाही. पुढचं धरतो.

चार महिन्यांनी प्रशस्तिपत्रवाल्यांना मूळ नकाशाचं छायाचित्र हवं होतं, म्हणून मी नळी उघडली. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन येत होतं. मूळ नकाशा टेबलावर आणि शेजारी माझी नक्कल. दोन हात समोरासमोर धरावेत तसे ते दिसले. मी कागद तसेच टाकून थेट बागेत गेलो.

काका झारी भरत होते. मी म्हटलं, "काका, नकाशा उलटा होता."

ते म्हणाले, "मग? चिंचा काय एका रात्रीत कूस बदलून झोपल्या असतील?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं की. तुम्ही म्हणालात, झाडं चुकली."

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन लेखी देतो. ताकीद मागे घ्यायला लावतो. त्यांनी झारी खाली ठेवली आणि माझा दंड धरून मला वळवलं. "आधी तिकडे बघा."

डावीकडे, मंडईच्या भिंतीला, माझी बाकं. उन्हात होती म्हणून काकांनी त्यांच्यावर लाकडी मांडव घातला होता आणि मधुमालती चढवली होती. भिंतीत जुनं खिंडार होतं, ते बुजवण्याऐवजी त्यांनी दोन पायऱ्या केल्या होत्या. आणि त्या मांडवाखाली मंडईतल्या अकरा बायका बसल्या होत्या. कुणी डबा उघडलेला, कुणी पाय लांब केलेले, एकीचं तान्हं बाकावर झोपलेलं. शंभर वर्षं त्या मंडईत त्यांना ऊन चुकवायला जागा नव्हती, मला माफ करा, पण लघवीला जाऊन आल्यावर क्षणभर टेकायलाही नव्हती. व्यापाऱ्याच्या नकाशात बाकं त्याच्या घराच्या बाजूला होती. मंडईच्या बाजूला काटेरी गुलाब, बहुतेक मुद्दामच. माझ्या चुकीने ते फिरलं होतं.

भोपळेवाल्या मावशी, ज्या आत्ता तिसऱ्या रांगेत बसून मला बोटाने दटावतायत, त्याच तेव्हा ओरडल्या, "ओ नकाशेवाले! उभे काय राहिलात खांबासारखे? बसा की. तुम्हीच केलीत ना ही जागा? देव तुमचं भलं करो!"

असा आशीर्वाद मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला, आणि तो घेताना माझी मान वर होईना.

काका हळू आवाजात म्हणाले, "आता लेखी दिलंत तर काय होईल? ते प्रशस्तिपत्रवाले येतील. सगळं उपटून मुळासारखं करतील. बाकं तिकडे, काटे इकडे, आणि खिंडार बंद. या बायका परत फुटपाथवर."

"पण तुमच्या पुस्तकातला शेरा, काका?"

"मला कुठे धड वाचता येतंय?" ते म्हणाले आणि झारी उचलून चालू लागले.

मी गप्प बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की गप्प बसण्यात माझीही सोय होती. रोज सकाळी मी देवापुढे पाच मिनिटं डोळे मिटून बसतो. मागायचं काही नसतं, नुसतं बसायचं. पण डोळे मिटले की शंभर वाळके गुलाब दिसायचे. मी देवाला म्हणायचो, बाकं राहावीत म्हणून मी बोलत नाही. देव काही बोलत नाही, हे त्याचं बरं असतं आणि वाईटही.

दरम्यान काका काही बसून राहिले नव्हते. चिंचांच्या सावलीत त्यांनी नेचे लावले. मधुमालतीच्या फांद्या काढून मावश्यांना दिल्या. आज बसथांब्यामागे, टपाल कचेरीच्या कुंपणाला, दवाखान्याच्या जिन्याखाली आणि पाण्याच्या टाकीच्या उकिरड्यावर जे हिरवे कोपरे दिसतात, ते सगळे त्या मांडवाचे वंशज आहेत. नगरपालिकेच्या दप्तरी त्यांतला एकही नाही. प्रत्येक कोपऱ्याला एक मावशी आहे, आणि तिथे कुणी पान खाऊन थुंकलं तर काय होतं हे आपल्यापैकी काहींना अनुभवाने ठाऊक असेल.

दोन महिन्यांपूर्वी सभेत ठराव आला की बागेचा आराखडा कायमचा करावा, पुढे कुणी बदलू नये. मसुद्यात होतं, 'बाग मूळ नकाशाप्रमाणे राखावी.' मी हात वर केला आणि सुचवलं, 'बाग आज आहे तशी राखावी' असं लिहू या. अध्यक्षबाईंनी विचारलं, "दोन्ही एकच ना हो?" मी पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पेला संपेपर्यंत प्यायलो. तोवर ठराव मंजूर झाला होता.

बाकं वाचली, खिंडार वाचलं, मांडव वाचला. त्यानंतर माझ्याकडे गप्प बसायला सबब उरली नव्हती. तरीही मी गप्प बसलो, बरं का! माणसाला सबब संपली तरी सवय उरते.

मग गेल्या महिन्यात निवृत्तीचे कागद घेऊन मी काकांच्या घरी गेलो. ते आंघोळीला गेले होते. काकूंनी पाणी दिलं. सेवेच्या तपशिलाचं पान मी उलटं ठेवलं होतं, काकूंनी ते सरळ केलं. शेऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हे अजून आहे का हो?"

मी म्हटलं, "आहे."

त्या म्हणाल्या, "हे काही म्हणायचे नाहीत. पण ते ताकीदपत्र घरी आलं ना, त्या दिवशी यांनी माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाचलं तर म्हणाले, नीट वाच, दुसऱ्या कुणाचं असेल. दुसऱ्यांदा म्हणाले, हयगय म्हणजे काय लिहिलंय, पाणी घातलं नाही असं? तिसऱ्यांदा ऐकलं आणि उठून बागेत गेले."

मित्रहो, मी दहा वर्षं धरून चाललो होतो की या माणसाला तो शेरा लागलाच नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला लागत नाही, असं मला वाटलं होतं. किती सोयीचं वाटलं होतं, नाही?

काकू, तुम्ही हे मला सांगितलंत याचा काकांना राग येईल. तो माझ्यावर काढायला सांगा.

तर आज सकाळी. दप्तरदारांकडून नळी आणि पुस्तक घेऊन मी अध्यक्षबाईंच्या दालनात गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर खुर्ची वळवून मागच्या प्रशस्तिपत्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग हे काढायचं म्हणता?" मी म्हटलं, काढायलाच हवं, शब्द खोटा आहे. त्यांनी शिपायाला बोलावून चौकट उतरवली. मागे भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते, हे एवढे मोठे. बाई म्हणाल्या, "बघा, हेही झाकलेलंच होतं. आधी प्लास्टर, मग संस्थेला पत्र." पत्र आजच गेलं, प्लास्टर उद्या. माझ्यावर जी काही कारवाई व्हायची ती नियमाने होईल, आणि ती व्हावी. त्यांनी एका शब्दाने आवाज चढवला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग त्यांनी सेवापुस्तक उघडलं. शेरा पुसला नाही. त्याच्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं की गुलाब नकाशाच्या चुकीमुळे गेले, माळ्याने लावण्यापूर्वीच सावध केलं होतं, त्याचा काहीही दोष नाही. खाली सही, शिक्का. गुरुजी असते तर दहापैकी दहा दिले असते.

आणि मग मी माझी नक्कल टेबलावर पसरली. अकरा वर्षांनीही अक्षर चांगलंच दिसत होतं, हे सांगायला हवं. लाल शाई घेतली, पट्टी घेतली आणि माझ्या सहीवरून, 'मूळ नकाशाप्रमाणे' या शब्दांवरून एक रेघ ओढली. खाली लिहिलं: 'हा नकाशा उलटा आहे. बाग बरोबर आहे.' पुन्हा सही केली, आजची तारीख घातली, मूळ नकाशासोबत नळीत घातली आणि नळी दप्तरात जमा केली. पुढे कधी कुणी ती उघडील तेव्हा त्याला कळेल की चिंचा पहिल्यापासून उजवीकडेच होत्या.

अध्यक्षबाईंनी मला इथे उभं राहू दिलं, दप्तरदारांनी वेळेआधी कुलूप काढलं, मावश्यांनी दुपारचा धंदा बुडवून सभागृह भरलं, या सगळ्यांचे मनापासून आभार. मी बागच डावी-उजवी करणारा माणूस, तेव्हा बोलण्यातही कुठे तसं झालं असेल तर पोटात घाला. काका, तुमच्याकडे क्षमा मागायची ती इथे माइकवर मागत नाही. उद्या सकाळी झारी भरायला येतो, तेव्हा मागेन.

काकू, जरा पुढे येता का? सेवापुस्तकाच्या त्या पानाची ही नक्कल आणली आहे, शिक्क्यासकट. कागद यंत्रात सरळ घातला होता, दोनदा बघितलं. घरी गेल्यावर यांना वाचून दाखवा. या वेळी एकदाच वाचलंत तरी पुरे.